ओपनफोम शिकताय? खाडीतला खांब नंतर, आधी चौकोनी डबा

नमस्कार मंडळी! रत्नागिरीत भाट्याच्या पुलावरून ओहोटीच्या वेळी खाली बघा. खांबामागे पाणी गरगरत असतं. इंजिनिअरिंगच्या मुलांना पहिल्याच दिवशी ओपनफोम, म्हणजे प्रवाहाचं गणित सोडवणारं सॉफ्टवेअर, वापरून तेच कॉम्प्युटरवर उतरवायचं असतं. हौस चांगलीच आहे, पण खांबाला जरा थांबू द्या.

का, ते सांगतो. खांब एक मीटर रुंद आणि पाणी सेकंदाला एक मीटर धावतंय असं धरलं, तर रेनॉल्ड्स संख्या (वेग गुणिले रुंदी, भागिले द्रवाचा चिकटपणा; जितकी मोठी, तितका प्रवाह खळबळीचा) १० लाखांच्या घरात जाते. मग टर्ब्युलन्स मॉडेल (खळबळीचा अंदाज बांधणारं गणित) आलं, भिंतीजवळचं बारीक मेश (गणितासाठी जागेचे पाडलेले छोटे घरांचे तुकडे) आलं, वरचा मोकळा पृष्ठभाग आला. उत्तर चुकलं तर नेमकं कशामुळे, हे नवख्याला सापडत नाही.

ओपनफोम फुकट आहे, २००४ पासून त्याचा कोडही खुला आहे. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) उबंटू हे लिनक्स टाका. एक लक्षात ठेवा: ओपनफोमच्या दोन शाखा आहेत, डॉट कॉमवाली आणि डॉट ऑर्गवाली. त्यांच्या कमांड काही ठिकाणी वेगळ्या असतात. मी डॉट कॉमवाली वापरतोय.

त्यातलं ‘कॅव्हिटी’ हे सरावाचं तयार उदाहरण उघडा. दहा सेंटिमीटरचा चौकोन, तीन भिंती स्थिर, वरची भिंत सेकंदाला एक मीटर वेगाने सरकते. रेनॉल्ड्स संख्या फक्त १०. आत तीन फोल्डर. ‘शून्य’मध्ये सुरुवातीची स्थिती आणि सीमेवरच्या अटी, ‘कॉन्स्टंट’मध्ये द्रवाचे गुणधर्म, ‘सिस्टिम’मध्ये मेश आणि वेळेचं गणित. आधी ब्लॉकमेश चालवा (मेश बनवतं), मग आयकोफोम (प्रवाहाचं गणित सोडवतं), मग पॅराफोम (चित्र दाखवतं). झाला भोवरा तयार!

इथेच बहुतेक जण थांबतात आणि रंगीत चित्र मित्रांना पाठवतात. खरं काम इथून पुढे आहे.

मेश २० बाय २०, म्हणजे एक घर ५ मिलिमीटरचं. वेळेचा टप्पा ०.००५ सेकंद. एका टप्प्यात वरचा प्रवाह बरोबर एक घर ओलांडतो, म्हणून कूरांट संख्या (एका टप्प्यात प्रवाह किती घरं ओलांडतो) १. आता मेश ४० बाय ४० करा आणि टप्पा तसाच ठेवा. कूरांट २ होईल आणि गणित बिघडू शकतं. म्हणून टप्पाही निम्मा, ०.००२५. हे स्वतः करून बघाच. नुसतं ऐकून हे डोक्यात बसत नाही.

आता मधल्या उभ्या रेषेवरचा वेग दोन्ही मेशवर काढा. आकडे बदलले? मग अजून बारीक करा. मेश बदललं की बदलणाऱ्या उत्तरावर विसंबून राहू नका.

शेवटी व्हिस्कॉसिटी, म्हणजे द्रवाचा चिकटपणा, ०.०१ ची ०.००१ करा. रेनॉल्ड्स संख्या १०० होते, आणि तिच्यासाठी घिया, घिया आणि शिन यांच्या १९८२च्या शोधनिबंधात याच डब्यातल्या वेगाच्या आकड्यांचा तक्ता आहे. भोवरा पूर्ण स्थिरावेपर्यंत गणित चालू द्या आणि तुमचे आकडे त्या तक्त्याशेजारी मांडा. अडलात तर आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ओपनफोमवरचं साहित्य मोफत आहे. आणि आकडे जुळले नाहीत, तर कमेंटमध्ये मेश आणि वेळेचा टप्पा दोन्ही लिहा, मी बघतो.