दम आधी येतो, पाय मागून

(दृश्य: गोराईचा किनारा, ओहोटी. घोडीचे पाय जवळून.)

ओहोटी लागलीय. रेवा पाण्यालगतच्या ओल्या, दबलेल्या वाळूवरून दुडक्या चालीनं निघालीय. वरच्या भुसभुशीत वाळूत तिला नेत नाहीत. तिथं खूर रुततो आणि पावलागणिक कंडरांवर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांवर, ताण पडतो. मुंबईत घोड्याला अशी बरी जमीन समुद्र देईल तेव्हाच मिळते. एरवी डांबर नाहीतर काँक्रीट.

रेवाची तयारी चाललीय एंड्युरन्ससाठी, म्हणजे लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दोन-तीन मिनिटांत निकाल लागतो. इथं पल्ला 40 किलोमीटरपासून सुरू होतो आणि 160 पर्यंत जातो.

(दृश्य: मोतद्दाराचा हात घोडीच्या नळीवर.)

आता हा हात बघा. बोटं नळीच्या, म्हणजे गुडघ्याखालच्या हाडाच्या, मागून सावकाश खाली उतरतायत. मग दुसरा पाय. मग परत पहिला. एखादा पाय ऊन लागतोय का? कुठं बोटाखाली फुगवटा येतोय का? रेवाची देखभाल करणारे मोतद्दार मामा खोगीर चढवायच्या आधी हे रोज करतात आणि रपेट झाली की पुन्हा करतात. घोड्याच्या गुडघ्याखाली मांस नाहीच. हाड, कंडरा आणि वर कातडी. सगळं वजन एवढ्यावर. त्यात कंडरांना रक्तपुरवठा तुटपुंजा. दम दोन-तीन महिन्यांत येतो. कंडरा तयार व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं, हाडांना त्याहून जास्त. घात होतो तो या मधल्या काळात. घोडा पळायला मागतो, छाती साथ देते, स्वाराला हुरूप येतो. पाय मात्र अजून कच्चे असतात.

म्हणून आधीचे कित्येक महिने नुसतं चालणं आणि संथ दुडकी. अंतर वाढवलं, तर वेग तोच ठेवायचा. कष्टाच्या दिवसामागून हलका दिवस, कारण हाड भरतं ते विश्रांतीत. चौखूर दौड सगळ्यात शेवटी. भीमा-नीरेच्या काठची भीमथडी तट्टं आजही धनगरांच्या वाड्याबरोबर, म्हणजे फिरत्या बिऱ्हाडाबरोबर, ओझं घेऊन माळरानं तुडवतात. त्यांचे पाय त्या चालण्यातच घडतात. तबेल्यात वाढलेल्या घोड्याला ती चाल आपण द्यायची असते. त्याला घाई चालत नाही.

(दृश्य: नळाखाली पाय. निवेदन नाही, पाण्याचा आवाज राहू द्यावा.)

मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग निवत नाही, त्यामुळे नाडी लवकर उतरत नाही. शर्यतीत प्रत्येक टप्प्यानंतर पशुवैद्य नाडी मोजतात. ठरलेल्या वेळेत ती साधारण मिनिटाला 64 ठोक्यांपर्यंत यावी लागते. मग घोड्याला हातात धरून दुडक्या चालीनं पळवून बघतात. लंगडला, तर बाद. मग तो सगळ्यांच्या पुढे का असेना. या खेळातला हा सगळ्यात मोलाचा नियम.

(दृश्य: पट्टी बांधलेला पाय, दुसऱ्या ठाणावरचा घोडा.)

कंडरा फाटली की वर्ष जातं, आणि बरेच घोडे पुन्हा शर्यतीला उभे राहत नाहीत.

(दृश्य: रेवा, खरारा चालू.)

मालकांच्या मनात पुढच्या मोसमाला 80 किलोमीटर होते. मामांनी मान हलवली. रेवा 40 धावेल, तेही नंबरासाठी नाही, धडपणे पुरं करण्यासाठी. 80 चं बघायचं ते त्याच्या पुढच्या वर्षी, पाय तपासून.