घाट आणि घड्याळ

(दृश्य: केरी, सत्तरी, गोवा. पहाटेचा अंधार. पाव विकणाऱ्या पदेराच्या सायकलचा भोंगा.)

रविवारची पहाट. केरी अजून अर्धी झोपेत. पदेराचा भोंगा दूर जातो न जातो तोच साखळी-डिचोलीकडची सायकलवाली मुलं येतात. अंजुणे धरण मागे पडलं की चोर्ला घाट लागतो आणि गप्पा आपोआप थांबतात. वर पोचल्यावर सगळ्यांचा एकच प्रश्न: किती मिनिटं लागली? दोन मिनिटं वाचली असतील तर पाठीवर थाप पडते. संशय कुणाला शिवतही नाही.

(दृश्य: डोंगरातला चढ, रस्त्याच्या दुतर्फा प्रेक्षक.)

फ्रान्समध्ये मात्र तो शिवतो. १४ जुलै २०२४ला टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारने प्लातो द बेयचा चढ इटलीच्या मार्को पांतानीच्या १९९८च्या वेळेपेक्षा तीन मिनिटांहून जास्त आधी संपवला. पोगाचार एकाही उत्तेजक चाचणीत दोषी ठरलेला नाही. सायकली सुधारल्या, शर्यतीत खाण्याचं शास्त्र बदललं, हेही खरं. तरी जुन्या जाणत्यांच्या पोटात गोळा येतो. कारण पांतानीचा काळ ईपीओ या उत्तेजकाचा.

ईपीओ आपल्याच मूत्रपिंडात तयार होतं. त्याने तांबड्या पेशी वाढतात, स्नायूंना प्राणवायू जास्त मिळतो. बाहेरून टोचलं की रक्त घट्ट होतं, जिवावर बेतू शकतं. ते पकडणारी चाचणी २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपर्यंत नव्हतीच. म्हणून १९९७मध्ये रक्तातल्या पेशींच्या प्रमाणाला ५० टक्क्यांची मर्यादा घातली गेली. आमच्या मते तिथेच चूक झाली: पन्नासच्या आत राहिलं की झालं, असाच तिचा अर्थ लावला गेला. १९९९मध्ये जिरो या इटलीतल्या शर्यतीत पांतानी ५२ टक्क्यांवर सापडला आणि बाहेर पडला.

त्याच वर्षी टूरमध्ये क्रिस्तोफ बासों नावाचा पंचवीस वर्षांचा फ्रेंच स्वार होता. आदल्या वर्षी फेस्तिना संघाच्या गाडीत औषधांचा साठा सापडला, तेव्हा तो त्याच संघात होता. आपण यात नव्हतो, असं सांगण्याजोगे तिथे फार थोडे होते, बासों त्यांतला. टूर चालू असतानाच तो वर्तमानपत्रात लिहू लागला, की या वेगावर आपला विश्वास बसत नाही. त्या टूरमध्ये आघाडीवर असलेल्या लान्स आर्मस्ट्राँगने भर शर्यतीत सायकल त्याच्या शेजारी आणली आणि सुनावलं: असं वाटत असेल तर घरी जा. बाकीच्यांनी बोलणं टाकलं. बाराव्या टप्प्याआधी बासोंने शर्यत सोडली.

आर्मस्ट्राँगची टूरमधली सातही विजेतेपदं उत्तेजकांपायी २०१२मध्ये काढून घेतली गेली. १९९९ ते २००५, विजेत्याची जागा रिकामी आहे. आज पोगाचारकडे लोक तिरक्या नजरेने बघतात, त्याचं खरं देणं त्या माणसांच्या खात्यावर आहे.

(दृश्य: घाटमाथा, धुकं, मुलं पाणी पिताहेत.)

ही गोष्ट ऐकून घाटमाथ्यावर एका मुलाने विचारलं, ‘मग बासोंचं पुढे काय झालं?’

२००१मध्ये त्याने व्यावसायिक शर्यती सोडल्या. नंतर तो फ्रान्सच्या क्रीडा खात्यात उत्तेजकांविरुद्धच्या कामाला लागला.