पांढरी बाटली

(दृश्य: पहाट. राकसकोप जलाशयाचा काठ, पाण्यावर धुकं.)

बैलूरच्या डोंगरातून आलेली मार्कंडेय नदी इथं राकसकोपला अडवलीय. बेळगावातल्या कितीतरी घरांच्या नळाला हेच पाणी येतं. मी स्वतः लहानपणापासून हे पाणी पीत आलोय, म्हणून पाण्यात प्राणवायू किती आहे हे तपासायची पहिली बाटली इथंच भरायची असं ठरवलं होतं.

बाटली काचेची, 300 मिलिलिटरची, घट्ट बसणाऱ्या काचेच्या बुचाची. ती पाण्याखाली तिरकी धरून भरायची. आत एक बुडबुडासुद्धा राहता कामा नये, राहिला तर बाहेरची हवा मोजली जाते आणि आकडा खोटा येतो. मग आत दोन औषधं सोडायची, आधी मँगनीज सल्फेट आणि त्यावर अल्कली आयोडाइड. बूच लावून बाटली चार-पाच वेळा खालीवर केली की पाण्यात तपकिरी साका धरतो, चहाच्या गाळासारखा, आणि सावकाश तळाशी बसतो. पाण्यात प्राणवायू विरघळलेला आहे, याची ही खूण. इथं मासा जगतो.

(दृश्य: दुपार. वडगावच्या शिवारातला बळ्ळारी नाला.)

दुसरी बाटली बळ्ळारी नाल्यावर. येळ्ळूर, शहापूर, वडगावचं हे शिवार म्हणजे बेळगाव बासमतीची जमीन. भात शिजायला लागला की वास शेजारच्या घरात जायचा, असं इथली जुनी माणसं सांगतात. नाला याच शिवारातून जातो, शहराचं सांडपाणी पोटात घेतो आणि पुढे मार्कंडेयला मिळतो.

बांधावर एक मामा भेटले. सत्तरीचे असतील. म्हणाले, "आम्ही पोरं असताना ह्याच नाल्यात खेकडी धरायचो. आता बैल पाण्याला तोंड लावंना. पावसाळ्यात नाला फुगला की शेतात शिरतोय, आणि जाताना काळा गाळ टाकून जातोय."

त्यांच्यासमोरच बाटली भरली, औषधं सोडली, हलवली. साका धरला तो पांढराशुभ्र, नासलेल्या दुधासारखा. तपकिरी रंगाचा मागमूसही नाही.

मामांनी वाकून बघितलं. "पांढरं म्हणजे चांगलं काय ओ?"

नाही मामा, म्हटलं. पांढरं म्हणजे ह्यात प्राणवायू उरलेलाच नाही.

ते काही बोलले नाहीत. मीही कॅमेरा खाली ठेवला.

(दृश्य: नाल्याचा काळा गाळ, जवळून.)

पाण्यातला प्राणवायू संपवते ती मुख्यतः मैल्याची घाण. ती कुजते आणि पुढे वाहत्या, खळाळत्या पाण्यात बऱ्याच अंशी जिरते. माझी खरी काळजी जे कुजत नाही त्याची आहे. शिसं, कॅडमियम, क्रोमियम हे धातू या काचेच्या बाटलीत दिसत नाहीत. त्यांच्यासाठी प्लास्टिकची वेगळी बाटली लागते. तिच्यात लगेच नायट्रिक आम्ल टाकावं लागतं, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीलाच चिकटून बसतात आणि प्रयोगशाळेत पाणी निर्दोष दिसतं.

भारतीय मानकानुसार एक लिटर पिण्याच्या पाण्यात शिसं 0.01 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, क्रोमियम 0.05 आणि कॅडमियम 0.003. हजार लिटरच्या टाकीत कॅडमियमची मर्यादा म्हणजे अवघे 3 मिलिग्रॅम, चिमूटभर मिठाचा शंभरावा हिस्सा. याला ना वास, ना रंग, ना चव. नाल्याचा वास कमी झाला म्हणून पाणी सुधारलं असं कोणी सांगितलं, तर त्यावर विसंबू नये.

हे धातू गाळात बसतात. गाळ शेतात येतो, आणि भाताचं रोप मुळातून कॅडमियम उचलून दाण्यापर्यंत नेतं. म्हणून निव्वळ पाण्याचा अहवाल मला पुरेसा वाटत नाही. गाळाची तपासणी मागितली पाहिजे, आणि मळणीनंतर भाताचीही.

(दृश्य: पत्र्याची शेड. पिवळ्या पाण्याचा हौद.)

बेळगाव फौंड्रीचं, मशीन शॉपचं आणि प्लेटिंगचं गाव आहे. हजारो घरांची चूल यावर पेटते. म्हणून या लोकांना गुन्हेगार ठरवायला मी आलेलो नाही. नाव न सांगण्याच्या अटीवर एका प्लेटिंगवाल्यानं आम्हाला आत घेतलं.

क्रोमचा मुलामा दिलेले सुटे भाग धुतले की पाणी लिंबासारखं पिवळं होतं. त्यात असतं सहा संयुजेचं क्रोमियम, कर्करोग करणारं. त्याच्या वाफेत वर्षानुवर्षं काम करणाऱ्याच्या नाकातल्या पडद्याला भोक पडतं, कातडीवर न भरणाऱ्या जखमा होतात. हौदावर वाफ ओढणारा पंखा आहे का, हे मी आधी बघितलं. होता.

मालकानं पाण्यात आम्ल सोडून पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, तीनच्या खाली आणला. मग सोडियम मेटाबायसल्फाइट टाकून ढवळायला सुरुवात केली. आणि आमच्या डोळ्यांसमोर पिवळं पाणी हिरवं झालं. विषारी क्रोमियम कमी विषारी रूपात गेलं. आता चुन्याची निवळी. पीएच आठ-नऊपर्यंत वर चढला तसे हिरवे गोळे धरून तळाशी बसले, वर नितळ पाणी उरलं. तो हिरवा चिखल कोरडा करून पिंपात भरायचा आणि घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे पाठवायचा. नाल्यात नाही, उकिरड्यावर नाही.

"ह्याला पैसा फार लागत नाही ओ," मालक म्हणाले. "रोज करायचा कंटाळा सोडावा लागतोय, बस."

या सगळ्या चित्रीकरणात मला सर्वांत मोलाचा वाटला तो हा हौद. इथं विष एका पिंपात मावतं. हाच हौद गटारात पालथा केला तर ते लाखो लिटर पाण्यात पसरतं, मग कुठलाही मोठा प्रकल्प ते गोळा करू शकत नाही. सांडपाण्याचा प्रकल्प जिवाणूंच्या जोरावर चालतो. क्रोमियम त्या जिवाणूंनाच मारतं, आणि उरलेलं प्रकल्पाच्या गाळापासून होणाऱ्या खतात जाऊन बसतं.

(दृश्य: कृष्णेचा काठ, यडूर. मासेमारीची जाळी वाळत घातलेली.)

चिकोडी तालुक्यात गोष्ट उसाची. नरसोबाच्या वाडीला पंचगंगा मिळाली की कृष्णा महाराष्ट्र सोडून आपल्याकडे, कर्नाटकात येते. वेदगंगेला घेऊन दूधगंगाही येते. दोन्ही बाजूंना साखर कारखाने, मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या आसवन्या, आणि दोन राज्यांची दोन प्रदूषण मंडळं. नदीत आंघोळ करायची तर बीओडी, म्हणजे घाण कुजताना खाल्ला जाणारा प्राणवायू, लिटरला 3 मिलिग्रॅमच्या आत हवा. आसवनीतून निघणाऱ्या, प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्याचा बीओडी 40 हजारांच्या घरात असतो. नाल्यांत तुंबलेली घाण पहिल्या पावसाला एकदम नदीत उतरली, की पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून तडफडतात. कोळ्यांना हे कोणत्याही यंत्राआधी कळतं. दोन्ही मंडळांनी एकाच दिवशी, सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे नमुने घ्यावेत, एवढी साधी मागणी या काठावरच्या माणसांची आहे, आणि ती मला रास्त वाटते.

(दृश्य: बळ्ळारी नाल्याचा पूल. वही, पेन, हातात मावणारं यंत्र.)

1974च्या जल कायद्यानुसार मंडळाचा अधिकारी नमुना घेतो, कारखानदारासमोर त्याचे दोन भाग करतो, मोहोर लावतो. न्यायालयात पुरावा म्हणून तोच चालतो. आपली बाटली चालत नाही. पण अधिकारी येतो दिवसा, आणि हौद रिकामे होतात ते रात्री. म्हणून वडगावच्या दोन मुलींनी, दोघी रसायनशास्त्र शिकणाऱ्या, एक वही घातलीय. रोज सकाळ-संध्याकाळ पुलावर यायचं, पाण्याची विद्युतवाहकता मोजायची, रंग लिहायचा, फोटो काढायचा. क्षार आणि धातू मिसळले की हा आकडा वर उडी मारतो. कधी उडी मारतो ते कळलं, की अधिकाऱ्याला कधी बोलवायचं ते कळतं.

एका कार्यालयात त्यांनी तक्रार दिली होती. पावती मिळाली, पाण्याचा अहवाल नाही मिळाला. आता माहितीच्या अधिकारात अर्ज केलाय. कारखान्यांना दिलेल्या संमतीपत्रांची नोंदवहीही कायद्यानं नागरिकाला बघता येते, हे त्यांना मंडळाच्या दारात नाही, कायद्याचं पुस्तक वाचताना समजलं.

(दृश्य: संध्याकाळ. नाला आणि मार्कंडेय यांचा संगम.)

तिसरी बाटली इथं. थोड्या अंतरापर्यंत नदीत दोन रंग शेजारी शेजारी वाहतात, मग एकच होतो. हीच नदी पुढे गोडचिनमलकीच्या धबधब्यावरून उडी घेऊन घटप्रभेला मिळते.

मामा आमच्याबरोबर आले होते. या वेळी औषधं त्यांनीच सोडली, मुलींनी सांगितलं तशी. बाटली हलवली, मावळत्या उन्हात धरली, डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिले.

"थोडं तपकिरी हाय, न्हवं?"

मुलीनं वहीत तारीख घातली, वेळ घातली. "हाय मामा. थोडं हाय."