बेल्जियमचा हेल, बेळगावचा हेल

नमस्कार मंडळी. मी शहापूरची, म्हणजे बेळगावच्या शहापूरची. पुण्यात शिकायला गेले तेव्हा तोंड उघडलं की प्रश्न यायचा, "तुम्ही कानडी का?" आमच्याकडं बायकाही 'मी जातो', 'मी येतो की' म्हणतात. वर्गात हशा पिकायचा. महिनाभर मी तोंड मिटूनच बसले होते.

अगाथा ख्रिस्तीच्या रहस्यकथांतला गुप्तहेर हर्क्युल प्वारो मला घरचा वाटला तो त्यामुळंच. भेटेल तो त्याला फ्रेंच समजतो आणि प्रत्येकाला तो ठासून सांगतो, फ्रेंच नव्हे, बेल्जियन!

१९८९ मध्ये त्याची इंग्रजी टीव्ही मालिका सुरू झाली. प्वारो साकारणारे नट डेव्हिड सुशे यांनी कादंबऱ्या वाचून प्वारोच्या ९३ लकबी लिहून काढल्या, चहाकॉफीत साखर किती इथपर्यंत. तुरुतुरु चाल जमावी म्हणून नितंबांमध्ये नाणं दाबून धरून चालायचा सराव केला. मला मात्र सगळ्यांत भिडतं ते आवाजाचं काम. बेल्जियन रेडिओ ऐकून ऐकून त्यांनी तो हेल उचलला. स्वतःचा छातीतला भरदार आवाज वर डोक्यात नेला, कारण प्वारो म्हणजे मेंदू.

सुरुवातीलाच बागेतल्या बाकावर बसायचा प्रसंग होता. सुशे आधी रुमालानं बाक पुसणार, मग तोच पसरून वर बसणार. दिग्दर्शकांना ते हास्यास्पद वाटलं. सुशे हटेनात. शेवटी निर्मात्यांनी त्यांची बाजू घेतली आणि रुमाल राहिला.

असे ७० भाग, २०१३ पर्यंत. प्वारोचा मृत्यू 'कर्टन'मध्ये आहे. ख्रिस्तीबाईंनी ती कादंबरी महायुद्धाच्या काळात लिहून ठेवली होती, छापली १९७५ मध्ये. प्रक्षेपणात तो भाग शेवटी आला, पण चित्रीकरण आधी उरकलं. मेलेल्या प्वारोला मागं ठेवून सुशेंना निरोप घ्यायचा नव्हता. शेवटचं काम डेव्हनमधल्या ग्रीनवेला झालं, खुद्द ख्रिस्तीबाईंच्या घरी.

आता आपलं गणपतीतलं नाटक. मी खानापूरची आजी करतेय. तालमीत सूचना आली, "'येतो' नको, 'येते' म्हणा, लोक गोंधळतील." मी आठ दिवस विचार केला. शहापुरातली माझी आत्या अजूनही उंबऱ्याबाहेर चपला सरकवत म्हणते, "मी येतो की गं, दार लावून घे."

आजी तसंच म्हणणार आहे.