उजवा इंडिकेटर

(दृश्य : पत्रादेवी, शनिवार, सकाळचे साडेसहा. धुक्यातून येणाऱ्या गाड्यांचे दिवे. चहाच्या गाड्यावर स्टोव्हचा आवाज.)

पलीकडे बांदा, म्हणजे महाराष्ट्र. अलीकडे पेडणे, म्हणजे गोवा. १५ ऑगस्ट १९५५ या दिवशी इथंच सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या चालवल्या. त्यांचं स्मारक रस्त्याच्या कडेलाच आहे. आता शनिवारी सकाळी या रस्त्यानं सुट्टी येते. एमएच १२, पुणे. एमएच ०९, कोल्हापूर. एमएच ०७, सिंधुदुर्ग. हे शेवटचे शेजारी, त्यांना आम्ही पाहुण्यांत धरत नाही. मधूनच एखादी डीएल, दिल्लीची.

चहा पीत उभ्या असलेल्या टॅक्सीवाल्यांचा एक जुना खेळ आहे. पाटी वाचायची आणि चालक कसा ते सांगायचं. ‘बारा नंबर. बघ, आता वळणावर घुसणार.’ घुसला, की सगळे हसतात. नाही घुसला, तर ती गाडी कुणाच्या लक्षातही राहत नाही. म्हणून या खेळात कुणी हरलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

मीही खेळतो. माझी पाटी जीए ०४, डिचोली. बाहेरचे लोक आमच्याबद्दल काय म्हणतात तेही ऐकलंय : गोंयकार सुशेगाद, म्हणजे निवांत, गाडी बैलगाडीसारखी चालवतो. असं म्हणणाऱ्यानं एकदा म्हापसा-पणजी खासगी बसमध्ये पुढच्या सीटवर बसून दाखवावं.

(दृश्य : म्हापसा बसस्थानक. कंडक्टर दारात लटकून ‘पणजे, पणजे, पणजे’ ओरडतोय. बस हलते, थांबते, परत हलते.)

ही बस आता इंचाइंचानं सरकतेय. एक बाई लांबून पिशवी सावरत येतेय, तिच्यासाठी थांबलीय. सुशेगाद म्हणा हवं तर. पण आरशात मागची बस दिसू द्या. कंडक्टर पत्र्यावर दोन थापा मारतो आणि तोच ड्रायव्हर, तोच गोंयकार, पर्वरीच्या उतारावर असा सुटतो की उभे असलेले सगळे एकमेकांना नव्यानं भेटतात. स्वभाव बदललेला नसतो. प्रत्येक बसला तिचं टायमिंग असतं. रस्त्यावर उभा असलेला प्रवासी पुढच्या बसचा नाहीतर मागच्या बसचा, आणि दिवसाच्या गल्ल्यावर दोघांचं पोट. सरकारी कदंब बसच्या शटलचं तिकीट खिडकीवर आधीच फाडलेलं असतं, वाटेत कुणाला घ्यायचं नसतं. तिचा ड्रायव्हर त्याच रस्त्यावर, त्याच उतारावर वेगळा माणूस वाटतो.

माझे मामा खाणीवरचा ट्रक चालवायचे. डिचोली, साखळी, उसगाव या पट्ट्यात जे वाढले त्यांना ते दिवस सांगायला नकोत. लाल धूळ, ट्रकमागे ट्रक, आणि पैसे खेपेमागे. खेपा जास्त तर घर चालणार. मामांच्या ट्रकपुढे मी सायकल घालायचो नाही, आणि मी त्यांचा सख्खा भाचा. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मध्ये सुरू झाल्या, २०१८ मध्ये परत बंद. मामांचा ट्रक अंगणात उभा राहिला, चाकांतून गवत वर आलं. आता ते भाड्याची टॅक्सी चालवतात, चाळीसच्या वर काटा जात नाही. मी म्हटलं, मामा, म्हातारे झालात. म्हणाले, ‘छे रे. आता खेपा कोण मोजतंय?’

(दृश्य : जुन्या पद्धतीचं गाव, चिऱ्यांच्या भिंती, अरुंद रस्ता. डावीकडून एक स्कूटर जाते.)

डावीकडून. हेही गोव्यात गृहीत धरू नका. पोर्तुगालनं १९२८ मध्ये वाहतूक उजवीकडे नेली. लिस्बनमध्ये गाड्या बाजू बदलून धावू लागल्या. गोवा मात्र डावीकडेच राहिला, मकाव आणि मोझांबिकही. ज्या वसाहतीचे शेजारी डावीकडून चालवत, तिथं हा बदल केला नाही. सीमेवर रोज बाजू कोण बदलणार? म्हणून १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा पुष्कळ काही बदललं, रस्त्याची बाजू तेवढी बदलावी लागली नाही. लोक बसला ‘कारेर’ म्हणत, शब्द पोर्तुगीज, पण ती चालायची बेळगाव-सावंतवाडीच्या बाजूनं. शेजाऱ्यापासून इतकं वेगळं कुणालाच चालवता येत नाही.

आता चोर्ला घाटात जाऊ.

(दृश्य : केरीहून चढणारा घाट. पावसाळा. पुढे एक ट्रक, त्याचा उजवा इंडिकेटर लुकलुकतोय.)

साखळीहून केरी, केरीहून घाट, वर कणकुंबी, जांबोटी, मग बेळगाव. आमची अर्धी भाजी या वाटेनं खाली येते. हा प्रसंग मी लहान असतानाचा आहे. वडील गाडी चालवत होते, पुढे एक ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढत होता आणि त्याचा उजवा इंडिकेटर चालू होता. वडील मागे थांबून राहिले. शहाणा माणूस. पुढचा उजवीकडे वळणार म्हणतोय, तर थांबायला नको? मागे केए २२ ची, बेळगावची, रिकामी पिकअप होती. तिनं एकदा हॉर्न दिला, दोनदा दिला, मग आम्हाला आणि ट्रकला दोघांनाही ओलांडून गेली. जाताना ड्रायव्हरनं आमच्याकडे असं पाहिलं, जणू आम्ही अंगठेबहाद्दर आहोत.

आई म्हणाली, ‘अहो, तो वळणार कुठं? उजवीकडे दरी आहे.’

घाटातल्या ट्रकवाल्याचा उजवा इंडिकेटर म्हणजे : पुढे मोकळं आहे, जा. पुस्तकात असं नाही. पुस्तकात उजवा म्हणजे उजवा. पण १९८९ च्या नियमावलीत मागच्याला पुढे सोडण्याची एक खूण दिलेली होती. उजवा हात बाहेर काढायचा आणि अर्धवर्तुळात पुढेमागे हलवायचा. ती खूण हातातून दिव्यात कधी गेली कोण जाणे. माझा आपला तर्क असा, की चोर्ल्याच्या पावसात हात भिजतो, दिवा भिजत नाही.

त्या दिवशी मी ही बोली शिकलो. आणि पुढं तिच्याच भरवशावर आपटलो. गाडी हातात येऊन वर्ष झालं होतं. म्हापशाच्या बाहेर, सपाट हमरस्ता, पुढे ट्रक, उजवा इंडिकेटर. मी म्हटलं, आभारी आहे, आणि उजवीकडून काढली. ट्रक खरोखरच उजवीकडे वळला. तिथं एका गोदामाचा रस्ता होता. डावं दार आत गेलं, आरसा रस्त्यावर. कुणाला लागलं नाही. ट्रकवाला उतरला, आधी आपला दिवा बघून आला, मग माझ्याकडे आला आणि अगदी मनापासून म्हणाला, ‘इंडिकेटर दिला होता की.’

दिव्याचंच सांगायचं तर, इंग्लंडमध्ये समोरच्यानं दिवा मारला, तर बहुतेक लोक ‘या, तुम्ही आधी’ असं समजतात. त्यांच्या नियमपुस्तकातही तसं लिहिलेलं नाही, पण चाल पडलीय. आपल्याकडे डिपर मारला म्हणजे ‘मी येतोय, तू थांब’. एकाच दिव्याचे असे दोन उलटे अर्थ जवळ बाळगणारे दोघे अरुंद पुलावर समोरासमोर आले, तर काय होईल ते तुम्हीच बघा.

(दृश्य : पहाट. सायकलवरचा पोदेर, मागे पावाची टोपली. त्याचा रबरी भोंगा : प्वाँ-प्वाँ.)

आमच्या गावात दिवसाचा पहिला हॉर्न पोदेराचा. त्याचा अर्थ ‘बाजूला हो’ असा नाही. ‘बाहेर ये, पाव आलाय.’ हॉर्न म्हणजे हाक. वळणावर भिंतीआड काही दिसत नाही, तिथं एक बारीकसा हॉर्न द्यायचा, म्हणजे ‘मी आहे’. बोडगेश्वराच्या देवळासमोरून जाताना काहीजण एक छोटा हॉर्न देतात, हात छातीला लावतात. खुरीस, म्हणजे क्रूस, दिसला की शेजारचा फ्रान्सिस्को कपाळ, छाती, खांदे करतो. तेवढा वेळ दोघांच्याही गाडीचं स्टिअरिंग देवाकडे असतं.

मग मी शिकायला पुण्याला गेलो. नळस्टॉपचा सिग्नल. पिवळा लागला, मी थांबलो. शिकवलं होतं तसं. मागून जो गजर झाला, त्यात शिव्या नव्हत्या, तरी सगळ्या ऐकू आल्या. डावीकडून दोन, उजवीकडून तीन दुचाक्या, सगळ्यांची तोंडं ओढणीत नाहीतर रुमालात. एक मुलगी जाता जाता म्हणाली, ‘काका, गावाला जाऊन थांबा.’ मी एकोणीस वर्षांचा होतो.

तीन वर्षांत हात बदलला. फट दिसली की पुढचं चाक तिथं. सिग्नल सुटायच्या आधी क्लच अर्धा. हॉर्नवर अंगठा कायमचा, मोबाईल धरावा तसा. सुट्टीत घरी आलो, वडिलांची गाडी घेऊन गावातल्या पाणंदीतून निघालो. पुढे एक म्हातारी, डोक्यावर सरपणाचा भारा. मी हॉर्न दिला. परत दिला. ती थांबली, भाऱ्यासकट सावकाश अंगानंच वळली, कारण मान वळवता येत नव्हती. माझ्याकडे बघितलं.

‘पुता, वाट खंय धांवून वता?’ पोरा, वाट कुठं पळून जातेय?

मी इंजिन बंद केलं. ती वळणापर्यंत पोचली तेव्हा परत चालू केलं.

(दृश्य : मये. तळ्याकडे जाणारा रस्ता. एका बाजूला चिऱ्यांची भिंत, दुसऱ्या बाजूला शेताचा पाट.)

हे चित्रण करताना समोर घडलं म्हणून दाखवतो, ठरवून केलेलं नाही. इकडून नारळांनी भरलेली पिकअप. तिकडून भाड्याची गाडी, काळी पाटी, पिवळी अक्षरं. आत दिल्लीचं कुटुंब. दोन गाड्या या रस्त्यावर मावत नाहीत. कुणीतरी मागे जायचं.

इथली रीत अशी, की ज्याच्या मागे जागा जवळ, तो मागे जातो. लादलेली गाडी असेल तर तिला सूट. भाड्याच्या गाडीमागे पाच पावलांवर एका घराचं गेट उघडं होतं. पिकअपवाल्यानं ते बघितलं, हातानं दाखवलं. समोरून डिपर आला. परत आला. पिकअपवाल्यानं काय केलं? किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं. आमच्या भाषेत ते ‘भांडण नको, मी बसलोय’ असं असतं. दिल्लीत त्याचा अर्थ काय होतो ते त्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तो उतरला. मला वाटलं, आता जुंपणार. जवळ येऊन हळूच म्हणाला, ‘भाईसाब, इतनी पतली गली में रिव्हर्स नहीं होगा मुझसे. साइड में नाली है.’

पिकअपवाला उतरला, दिल्लीच्या गाडीत बसला, आरशाकडे न बघता मान बाहेर काढून ती गाडी गेटात लावली. मागच्या सीटवरच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. नंतर मी त्याला म्हटलं, साधं रिव्हर्स येत नाही म्हणजे काय? तर तो मलाच म्हणाला, ‘तसं नका म्हणू. मुंबईला गेलो होतो गाडी घेऊन. चार लेनचा रस्ता, मी उजवीकडच्या लेनमध्ये, आणि डावीकडे बाहेर पडायचं होतं. कुणी शिरू देईना. तीन किलोमीटर पुढे जाऊन परत आलो. घाम फुटला होता. तिथं तो दिल्लीवाला असता, तर मजेत गेला असता.’

रस्ता रुंद असेल तर धीट होतो माणूस, अरुंद असेल तर मान लांब होते. चोडणच्या फेरीबोटीवर गाडी चढवताना बघा. पुढे उभ्या माणसाच्या तळहाताकडे नजर, इंच इंच, मग हँडब्रेक. चोडणचा अठरा वर्षांचा पोरगा हे एका हातानं करतो. त्यालाच पुण्याच्या चौकात सोडा.

(दृश्य : परत पत्रादेवी. आता कॅमेरा आमच्या गाडीत आहे. गाडी महाराष्ट्राकडे निघालीय.)

शेवटचं चित्रण कोल्हापूरच्या रस्त्यावर करायचं होतं. उसाचे ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, रात्री मागचा दिवा नाही. तिथल्या चालकाचे डोळे अंधारात कसे तयार होतात ते दाखवायचं होतं. म्हणून निघालो. बांद्याच्या पुढे इन्सुलीचा नाका. पुढे एमएच ०७, तिला हात करून सोडलं. मग एमएच ०९, सोडलं. माझी पाटी वाचली आणि शिपायाची काठी आडवी आली. जीए. म्हणजे दारू.

‘डिकी.’

डिकीत स्टेपनी, ट्रायपॉड, उकड्या तांदळाची पिशवी आणि बहिणीसाठी पाच नारळ. त्यानं तांदळाच्या पिशवीत हात घालून पाहिलं. मग नारळ हलवून पाहिले, एक कानाशी नेऊन. मी म्हटलं, आत पाणीच आहे. तो हसला नाही. डिकी लावली, पुढे आला, खिडकीशी वाकला.

‘उजवा इंडिकेटर चालू आहे तुमचा.’

पत्रादेवीपासून चालू असणार. मागून एक ट्रक आणि दोन गाड्या मला ओलांडून गेल्या होत्या, आणि एक जीप मात्र इन्सुलीपर्यंत मागेच थांबून आली होती.