२२ मिलिमीटरची वाट

[दृश्य: हिरव्या कापडावर ओळीने मांडलेल्या नळ्या]

पहिली नळी पेन्सिलीएवढी. दुसरी तिच्यावरून सरकते, तिसरी दुसरीवरून. रुखवतात मांडलेल्या डब्यांसारख्या या एकात एक बसतात. शेवटचीचं तोंड २२ मिलिमीटरचं, साधारण रुपयाच्या नाण्याएवढं. एवढ्याशा तोंडातून आज कंबरेचे दोन मणके कायमचे जोडायचे आहेत.

[दृश्य: टेबलावर पालथा रुग्ण, सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना पडद्यावर एक्स-रे दाखवणारं यंत्र) आत येतो]

चौथा मणका पाचव्यावरून पुढे सरकलाय. मधली गादी झिजलीय, पायाकडे जाणारी नस दबलीय. पालथं झोपवताना छातीखाली आणि कंबरेखाली उशा दिल्यात, पोट मात्र मोकळं ठेवलंय. पोट दाबलं गेलं की कण्याभोवतीच्या शिरा फुगतात आणि रक्त जास्त जातं. ऑपरेशनची निम्मी शिस्त अशी सुरी लागण्याआधीच पाळावी लागते.

[दृश्य: जुनी छायाचित्रं]

मणके जोडण्याची कल्पना शंभर वर्षांहून जुनी. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये रसेल हिब्ज आणि फ्रेड आल्बी या दोघांनी ती आपापल्या रीतीने मांडली. हिब्ज यांनी मणक्यांचीच मागची हाडं मोडून एकमेकांवर टेकवली. आल्बी यांनी रुग्णाच्या नडगीची चीप काढून मणक्यांच्या मागच्या काट्यांमध्ये बसवली. आजार होता मणक्याचा क्षय. आल्बींचं बालपण अमेरिकेतल्या मेन राज्यातलं; झाडांवर कलम बांधायला त्यांच्या आजोबांनीच त्यांना शिकवलं होतं. कोकणात कलमं बांधणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. दोन्ही बाजू ताज्या सोलायच्या, घट्ट भिडवायच्या आणि हलू द्यायचं नाही. हाडाचंही तेच. फक्त हलू न देण्यासाठी तेव्हा हाताशी प्लॅस्टर होतं आणि महिनोन्‌महिने अंथरूण.

१९६० च्या दशकात पॅरिसमध्ये रेमों रॉय-कामीय यांनी मणक्यात मागून स्क्रू बसवायला सुरुवात केली, आणि प्लॅस्टरचं काम धातू करू लागला. पण आत शिरायची वाट तीच राहिली. पाठीवर मधोमध उभा छेद, दोन्ही बाजूंचे स्नायू हाडापासून खरवडून काढायचे आणि ऑपरेशनभर ताणून धरायचे. इतका वेळ दाबलेल्या स्नायूला रक्त पोचत नाही, त्याच्या बारीक नसा जातात, मागे व्रण उरतो. एक्स-रे बघून डॉक्टर खूश आणि पेशंट म्हणतो, पाठ दुखतेच आहे. असे पेशंट ओपीडीत बसणाऱ्या कुणालाही नवे नाहीत.

स्नायू न खरवडताही जाता येतं, हे लिओन विल्ट्सी यांनी १९६८ मध्येच दाखवलं होतं. पाठीच्या दोन स्नायूंमध्ये एक नैसर्गिक फट असते, तिच्यात बोट घातलं की वाट मिळते. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिसच्या केव्हिन फोली आणि मॉरिस स्मिथ यांनी गादीच्या ऑपरेशनसाठी नळी आणली. आता बघा ती कशी जाते.

[दृश्य: पेनाने आखलेली रेघ, छेद, एकामागून एक नळ्या]

मध्यरेषेपासून तीन-चार सेंटिमीटर बाजूला, अडीच-तीन सेंटिमीटरचा छेद. पहिली नळी हळूच फिरवत खाली नेतात, टोकाला हाड लागेपर्यंत. मग दुसरी, तिसरी. तंतू कापले जात नाहीत, बाजूला होतात. गर्दीत खांदा पुढे करून शिरावं तसं.

[दृश्य: मायक्रोस्कोपमधून]

तळाशी दिसतोय तो मागचा सांधा. ड्रिलने आणि छिन्नीने तो काढला जातोय. सिस्टरच्या हातातल्या वाटीकडे लक्ष द्या. निघालेला एकही तुकडा टाकत नाहीत. हेच आजचं कलम. नस जपत गादी काढतात, मग मणक्यांचे समोरासमोरचे पृष्ठभाग खरवडतात. किती? बारीक रक्ताचे ठिपके येईपर्यंत. कमी खरवडलं तर हाड धरत नाही, जास्त खरवडलं तर आधारच खचतो. हा अंदाज फक्त हाताला कळतो.

मग केज, म्हणजे काढलेल्या गादीच्या जागी बसवायचा ठोकळा. पीक नावाच्या प्लॅस्टिकचा हा ठोकळा एक्स-रेत दिसत नाही, म्हणून त्यात टँटलम धातूच्या खुणा बसवलेल्या असतात. पडद्यावरचे ते काळे ठिपके म्हणजे केज.

[दृश्य: सी-आर्मचा पडदा, सुईवर हातोडी]

आता स्क्रू, तेही कातडीतून. मणक्याचा पुढचा आणि मागचा भाग जोडणारा हाडाचा दांडा पडद्यावर गोल दिसतो. सुई त्या गोलाच्या बाहेरच्या कडेवर ठेवतात आणि ठोकतात. दोन सेंटिमीटर आत जाईपर्यंत तिने आतली कड ओलांडायची नाही. पलीकडे नस आहे. सुईतून तार, तारेवरून स्क्रू. स्क्रू फिरताना एक हात तारेच्या शेपटावरच असतो, कारण तार त्याच्याबरोबर पुढे सरकली तर समोर मोठ्या रक्तवाहिन्या आहेत.

दोन स्क्रूंना जोडणारी दांडी कातडीखालून सरकवतात. यासाठी फोलींनी २००१ मध्ये जे उपकरण मांडलं, त्याचं नाव सेक्स्टंट. जहाजावर ताऱ्यांचा कोन मोजायच्या यंत्राचं नाव. दांडी कमानीत झुलत येऊन दोन्ही स्क्रूंच्या माथ्यात बसते.

[दृश्य: दुसरा दिवस, वॉर्ड]

रक्त कमी जातं, घरी लवकर जाता येतं. दोन वर्षांनी मोजलं तर उघड्या ऑपरेशनचे रुग्णही साधारण इथंच पोचलेले असतात. डॉक्टरांच्या वाट्याला क्ष-किरण जास्त येतात, आणि हात बसायला बरीच ऑपरेशनं जावी लागतात. हाड जुळायला सहा महिने ते वर्ष.

[दृश्य: पट्टा बांधून उभा राहणारा रुग्ण, हात खांद्यावर. निवेदन नाही.]