गंभीरा पूल: रोज जाणाऱ्यांचे म्हणणे

आमच्या या चित्रफितीत गुजरातमधील महीसागर नदीच्या पात्रातील खांबांवरून नजर पुढे सरकत जाते आणि एका जागी रस्ताच संपतो. हा गंभीरा पूल. बडोदे जिल्ह्याच्या पादरा तालुक्यातील मुजपूर आणि आणंद जिल्ह्यातील गंभीरा यांना जोडणारा, सुमारे 900 मीटर लांबीचा हा पूल 1985 मध्ये वाहतुकीस खुला झाला. 9 जुलै 2025 रोजी सकाळी त्याचा एक गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग, वाहनांसह नदीत कोसळला आणि किमान 20 माणसे दगावली.

तुटलेल्या कडेवर अडकलेला तो टँकर बडोद्यात पाहिला नाही असे घर नसेल. जवळजवळ महिनाभर तो तसाच होता. शेवटी ऑगस्टमध्ये हवेच्या फुग्यांच्या आधाराने त्याला मागे घेण्यात आले.

प्राथमिक चौकशीनंतर सरकारने जे कारण सांगितले ते होते पेडेस्टल (खांबावरचा, वरचा भाग टेकतो तो ठोकळा) आणि आर्टिक्युलेशन (पुलाचे दोन भाग एकमेकांवर टेकतात तो सांधा) चिरडले जाणे. हे शब्द आम्हांला नवे होते, म्हणून आम्ही दांडिया बाजारात राहणाऱ्या एका निवृत्त स्थापत्य अभियंत्यांकडे गेलो. काकांनी स्वयंपाकघरातून दोन पाट आणि एक फळी मागवली. पाट थोड्या अंतरावर ठेवून फळीची दोन्ही टोके त्यांच्या कडांवर जेमतेम चार बोटे टेकवली आणि मधोमध हाताने दाब दिला. "जोर मी मधे देतो आहे, पण सोसावा लागतो तो या चार बोटांच्या जागेला," ते म्हणाले. पुलाचा एक भाग दुसऱ्या भागाच्या ओठावर टेकतो तेथेही हेच घडते. त्या सांध्यातून पावसाचे पाणी आणि वाळू वर्षानुवर्षे खाली उतरत राहते, मधली टेकणाची गादी, म्हणजे बेअरिंग, झिजते, काँक्रीटला भेगा जातात. आणि रस्त्यावरून पाहणाऱ्याला यांतले काहीही दिसत नाही, कारण ही सगळी झीज गाळ्याच्या पोटाशी, नदीच्या बाजूला चाललेली असते. ती पाहायची तर माणसाला पुलाखाली उतरवावे लागते, तेही वरचेवर. वरून डांबर नवे केले की पूल नवा दिसू लागतो. बोरसद, आंकलावच्या बाजूने पादऱ्याच्या कारखान्यांत कामाला येणाऱ्या माणसांनी मात्र तो पूल डोळ्यांनी नव्हे, पायांनी ओळखला होता.

कॅमेऱ्यासमोर बसलेले हे गृहस्थ कित्येक वर्षे पाळीच्या कामासाठी दुचाकीवरून हा पूल ओलांडत होते. बाजूने भरलेला ट्रक गेला की दुचाकीचे हँडल हातात कसे थरथरायचे, हे ते आजही दोन्ही मुठी आवळून दाखवतात. ते गुजरातीत बोलत आहेत आणि त्यांचा एक शब्द आम्ही मराठीत आणू शकलो नाही, म्हणून तो तसाच ठेवला आहे: 'ध्रुजारी'. पुलाची ही धोकादायक अवस्था जिल्हा पंचायतीच्या एका सदस्याने 2022 मध्येच लेखी कळवली होती. पुलावरची वाहतूक त्यानंतरही चालूच राहिली. दुर्घटनेनंतर चार अभियंते निलंबित झाले.

नव्या पुलासाठी 212 कोटी रुपये मंजूर झाले. पैसा आला, आराखडा येईल. आमचा आग्रह एवढाच आहे की आराखडा पक्का होण्याआधी या दोन्ही काठांवरच्या माणसांना बसवून विचारावे, आणि त्यांनी जे सांगितले ते नोंदवहीत उतरवून, त्याचे पुढे काय झाले हे त्यांना परत येऊन सांगावे.

मुजपूरच्या बाजूला, निंबाच्या सावलीत सतरंजी टाकून आम्ही नदीचा मोठा नकाशा पसरला, तेव्हाचे हे चित्रण. पहिला अर्धा तास कोणी काही बोलले नाही. मग एका वयस्कर शेतकऱ्यांनी नकाशावर बोट ठेवले आणि कडाणा धरणातून पाणी सुटले की काठ आधी कोठे खचतो, कोतरे (नदीकाठच्या घळी) दर पावसाळ्यात कोणत्या अंगाने शेतात शिरतात, हे ते खडूने आखत गेले. जोडरस्त्याचा भराव नेमका त्याच रेषेवर येणार असेल, तर ही माहिती बांधकामाच्या आधीच हवी. पाळी संपवून पायी परतणाऱ्या मजुरांना वाहतुकीपासून वेगळा, कठड्याने अलग केलेला पदपथ आणि त्यावर दिवे हवे आहेत. एका भाजीवाल्या बाईंनी विचारले, की टेम्पो पुलाच्या तोंडाशी थांबतो तेथे उतरायला जागा ठेवणार का? टेम्पोचालकांचे म्हणणे सर्वांत ठाम होते: भारमर्यादेची पाटी वाचून कोणी मागे फिरत नाही, वजनकाटा चढावाच्या आधीच हवा.

पुलाची तुळई, म्हणजे गर्डर, किती जाडीचा असावा हे लोकांना विचारून ठरवता येत नाही, हे आम्हांला मान्य आहे आणि तेथे बसलेल्या प्रत्येकाला ते मान्य होते. त्यांनी गणित मागितले नाही. पूल हलतो आहे असे वाटले तर ते कोणाला सांगायचे, आणि सांगितल्यावर किती दिवसांत कोणीतरी खाली उतरून पाहील, एवढे त्यांना ठरवून हवे आहे.

पूल गेल्यापासून पलीकडे कामाला जाण्यासाठी वासद गावावरून लांबचा वळसा पडू लागला. काहींची नोकरी त्यातच सुटली.

शेवटी नोंदवही फिरली. तिच्या त्या दिवशीच्या पानावर निळ्या शाईत लिहिलेली ही ओळ एका शाळकरी मुलीची आहे: पुलाच्या दोन्ही टोकांना पाटी लावावी, तिच्यावर शेवटची तपासणी कधी झाली ती तारीख असावी, आणि ती गुजरातीत असावी, म्हणजे आजोबांना वाचता येईल.